आव्हानाची कुस्ती: कोल्हापूरच्या तालमी एकमेकींना कशा भिडतात?

निवडणूक जवळ आली की मराठी बातम्यांमध्ये कुस्ती सुरू होते. कुणीतरी शड्डू ठोकतं, कुणी लंगोट बांधून तयार असतं, कुणी कुणाला अस्मान दाखवतं. दोन नेते आतून मिळालेले असले की 'ही नुरा कुस्ती आहे' असा आरोप होतो. २०१९ च्या विधानसभा निवडणुकीत तर समोर लढायला पैलवानच उरला नाही, या विधानावरून कितीतरी दिवस टोलेबाजी चालली होती.

हे सगळे शब्द तांबड्या मातीतून आलेत. आणि तांबडी माती म्हटलं की महाराष्ट्रात पहिलं नाव निघतं ते कोल्हापूरचं. इथं एका तालमीचा पैलवान दुसऱ्या तालमीच्या पैलवानाला जाहीर आव्हान द्यायचा, दोघांचे वस्ताद जोड ठरवायचे आणि हजारो लोकांसमोर निकाल लागायचा. दोन पैलवानांच्या या लढतीत खरी परीक्षा असायची ती त्यांच्या वस्तादांची, त्यांच्या शिकवण्याची आणि त्यांच्या तालमीची.

ही परंपरा कशी उभी राहिली, तिचे नियम काय आणि आज तिचं काय झालंय, ते पाहू.

आव्हानाची कुस्ती म्हणजे नेमकं काय?

स्पर्धेतली कुस्ती आणि मैदानातली कुस्ती या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

स्पर्धेत वजनगट असतात, चिठ्ठ्या टाकून लढती ठरतात, हरणारा बाहेर पडतो आणि जिंकणारा पुढच्या फेरीत जातो. समोर कोण येणार, हे पैलवानाच्या हातात नसतं.

मैदानात उलटं असतं. तिथं आधी जोड ठरते. अमुक तालमीचा अमुक पैलवान विरुद्ध तमुक तालमीचा तमुक पैलवान, इनाम इतकं, दिवस हा. त्या एका कुस्तीसाठी दोघंही महिनोन्महिने मेहनत करतात. गावोगावी पोस्टर लागतात. पोस्टरवर पैलवानाच्या नावासोबत त्याच्या तालमीचं आणि बऱ्याचदा वस्तादाचंही नाव असतं.

या नावामुळे कुस्तीचं वजन वाढतं. पैलवान हरला की लोक 'मोतीबागेचा पैलवान पडला' किंवा 'गंगावेशीचा पडला' असं म्हणतात. म्हणून एका वस्तादाचे दोन पठ्ठे जाहीर मैदानात सहसा एकमेकांशी लढत नाहीत. तालमीच्या हौद्यात ते रोज एकमेकांना पाडतात, पण ती मेहनत झाली. चारचौघांत लढायचं ते दुसऱ्या तालमीशी.

आव्हानाची एक जुनी गोष्ट

महाराष्ट्रात आव्हानाच्या कुस्तीची सगळ्यात जास्त सांगितली जाणारी गोष्ट पेशवाईतली आहे.

दुसऱ्या बाजीरावाच्या काळात निजामाच्या मुलखातून अली आणि गुलाब नावाचे दोन पैलवान पुण्यात आले आणि त्यांनी दरबारातल्या मल्लांना आव्हान दिलं. त्यांच्यासमोर उभं राहायला कुणी तयार होईना. शेवटी बाळंभटदादा देवधर नावाचा एक कोवळा पोरगा उठला आणि त्यानं आव्हान स्वीकारलं. तयारीसाठी त्यानं मुदत मागून घेतली आणि तो वणीच्या सप्तशृंगीच्या डोंगरावर गेला.

परंपरा असं सांगते की तिथं त्याला लाकडी खांबावर मेहनत करण्याची विद्या मिळाली. त्यानं परत येऊन अलीला पाडलं आणि गुलाबनं लढायलाच नकार दिला. मल्लखांबाचा उगम या गोष्टीशी जोडला जातो.

यात इतिहास किती आणि आख्यायिका किती, हे बाजूला ठेवलं तरी गोष्टीतून एक कळतं. बाहेरचा पैलवान येऊन आव्हान देतो, तेव्हा राजाची आणि गावाची इज्जत पणाला लागते. आणि आव्हान स्वीकारणारा तयारीसाठी मुदत मागू शकतो, त्यात कमीपणा नाही. कोल्हापूरच्या मैदानात पुढं या दोन्ही गोष्टी दिसतात.

शाहू महाराजांनी काय केलं?

कोल्हापूरला 'कुस्तीची पंढरी' म्हणतात, त्याचं श्रेय जातं छत्रपती शाहू महाराजांना. १८९४ मध्ये त्यांच्या हाती राज्यकारभार आला. ते स्वतः कुस्ती खेळलेले होते, त्यामुळे पैलवानाला काय लागतं याची त्यांना जाण होती.

पैलवानाला लागतो खुराक. दूध, तूप, बदाम, मटण, थंडाई. हे रोज लागतं आणि वर्षानुवर्षं लागतं. सामान्य शेतकऱ्याच्या घरात दोन पोरं असतील तर एकाला पैलवान करायचं म्हणजे दुसऱ्याच्या ताटातलं काढायचं, अशी परिस्थिती होती. शाहू महाराजांनी पैलवानांच्या खुराकाची आणि राहण्याची सोय संस्थानातून केली, तालमींना आश्रय दिला आणि उत्तरेतल्या, विशेषतः पंजाबच्या मल्लांना कोल्हापुरात आणलं.

पंजाबी मल्ल येण्याचा मोठा फायदा झाला. इथल्या पोरांना वेगळ्या पद्धतीची कुस्ती रोज बघायला मिळाली. तिकडचे डाव कळले, त्यावरचे तोड काढता आले. बाहेरचा पैलवान आव्हान द्यायला आला की त्याच्याशी लढता येतं आणि त्याच्याकडून शिकताही येतं, हे कोल्हापूरनं फार लवकर ओळखलं.

खासबाग: आव्हानासाठी बांधलेलं मैदान

१९०२ मध्ये शाहू महाराज सातव्या एडवर्डच्या राज्यारोहणासाठी इंग्लंडला गेले होते. त्या प्रवासात त्यांनी रोमचं कलोझियम पाहिलं. तसं मैदान आपल्या कोल्हापुरात कुस्तीसाठी असावं, असं त्यांच्या मनात आलं आणि त्यातून खासबाग मैदान उभं राहिलं. १९१२ मध्ये ते सुरू झालं.

मैदान गोल आहे. मधोमध आखाडा आणि त्याच्या भोवती चढत जाणारी बैठक. त्यामुळे कुठंही बसलं तरी समोरच्या माणसाचं डोकं आडवं येत नाही. सुमारे ३० हजार लोक इथं बसून कुस्ती बघू शकतात.

या रचनेचा आव्हानाच्या कुस्तीशी थेट संबंध आहे. पाठ मातीला लागली की नाही, यावरच सगळा निकाल असतो. एका बाजूनं लागल्यासारखी वाटते, दुसऱ्या बाजूनं लागलेली नसते. गोल मैदानात चारही बाजूंनी हजारो डोळे असतात. तिथं पंचालाही खोटं बोलणं अवघड जातं आणि हरलेल्या पैलवानालाही 'मी पडलोच नव्हतो' असं म्हणता येत नाही.

खासबागेतली पहिली मोठी कुस्ती इमामबक्ष आणि गुलाम मोहिद्दीन यांच्यात झाली. यातला इमामबक्ष हा गामा पैलवानाचा सख्खा भाऊ. म्हणजे कोल्हापूरच्या मैदानाची सुरुवातच त्या काळातल्या देशातल्या सगळ्यात मोठ्या कुस्ती घराण्यापासून झाली.

गामानं लंडनमध्ये दिलेलं आव्हान

त्याच्या दोनच वर्षं आधी, १९१० मध्ये, गामा आणि इमामबक्ष लंडनला गेले होते. उंची कमी आहे म्हणून गामाला तिथल्या स्पर्धेत घेतलं नाही. तेव्हा गामानं जाहीर आव्हान दिलं, कोणत्याही वजनाचे तीन पैलवान पुढं करा, ३० मिनिटांत तिघांनाही पाडतो.

आधी लोकांना ही थाप वाटली. मग अमेरिकेचा बेंजामिन रोलर समोर आला आणि गामाकडून हरला. इमामबक्षनं स्वित्झर्लंडच्या जॉन लेमला हरवलं. शेवटी १० सप्टेंबर १९१० रोजी गामाची कुस्ती पोलंडच्या स्टॅनिस्लॉस झिबिस्कोशी ठरली.

झिबिस्कोनं काय केलं, तर तो गादीवर पालथा पडून राहिला. अडीच तासांहून जास्त वेळ कुस्ती चालली आणि बरोबरीत सुटली. १७ सप्टेंबरला पुन्हा लढायचं ठरलं, पण झिबिस्को आलाच नाही. गामाला विजयी घोषित करून जॉन बुल पट्टा देण्यात आला.

या आव्हानाचा खरा शेवट झाला १८ वर्षांनी. जानेवारी १९२८ मध्ये पतियाळाच्या महाराजांनी झिबिस्कोला भारतात बोलावलं. तिथं एक मिनिट पूर्ण व्हायच्या आत गामानं त्याला चितपट केलं.

दोन पैलवानांमध्ये कोण मोठा, हा प्रश्न १८ वर्षं लोकांच्या डोक्यात राहिला आणि त्याचं उत्तर कुस्तीतूनच मिळालं. बरोबरीत सुटलेली कुस्ती कुस्तीशौकिनाला कधीच पुरी वाटत नाही. म्हणून मैदानात 'निकाली कुस्ती'चा आग्रह धरला जातो.

तालीम कशी चालते?

कोल्हापुरात मोतीबाग, गंगावेस, शाहूपुरी, काळा इमाम, मठ अशा नावाजलेल्या तालमी आहेत. तालमीत पोरगा लहान वयात येतो. बरेचसे कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूरच्या आणि सीमाभागातल्या खेड्यांतून आलेले असतात. पहाटे अंधारात उठायचं, जोर-बैठका मारायच्या, हौद्यातली माती खोऱ्यानं उकरायची आणि मग लढत करायची. संध्याकाळी पुन्हा तेच.

माती साधी नसते. चाळून घेतलेल्या तांबड्या मातीत ताक, तेल, हळद, लिंबू, कापूर असं घालून ती मऊ ठेवतात. हळद आणि लिंबानं अंगावरच्या खरचटण्याला आराम पडतो, तेल-ताकानं माती धुळीसारखी उडत नाही.

तालमीचा प्रमुख म्हणजे वस्ताद. तो स्वतः गाजलेला पैलवान असतो किंवा गाजलेल्या पैलवानाचा पठ्ठा असतो. पोरानं काय खायचं, कधी झोपायचं, कुठल्या जत्रेत लढायचं आणि कुणाशी लढायचं नाही, हे वस्ताद ठरवतो. 'वस्ताद सगळे डाव शिकवतो, पण एक राखून ठेवतो' ही म्हण सगळ्यांनी ऐकलेली असते.

आव्हान आलं की पहिला निर्णय वस्तादाचा असतो. पोरगं तयार नसताना मोठी जोड घेतली तर ते कायमचं खचू शकतं किंवा जायबंदी होऊ शकतं. आणि नाही म्हटलं तर तालीम घाबरली, असं गावभर होतं. या दोन्हीच्या मधून वाट काढणं हे वस्तादाचं खरं कसब.

मैदान कसं भरतं?

गावाची जत्रा, यात्रा किंवा उरूस असला की कुस्त्यांचं मैदान ठरलेलं असतं. त्याचा क्रम साधारण असा असतो.

दुपारी लहान पोरांच्या कुस्त्या सुरू होतात. त्यांना इनाम म्हणून रेवड्या किंवा थोडे पैसे मिळतात. ज्याची जोड आधी ठरलेली नसते, तो लंगोट लावून मैदानात फिरतो आणि जोड मागतो. कुणी तयार झालं की पंच दोघांना शेजारी उभं करतात, वय आणि अंगकाठी बघतात आणि मगच परवानगी देतात. हे आव्हानाचं सगळ्यात साधं रूप.

जसजशी संध्याकाळ होते तसतशा कुस्त्या मोठ्या होत जातात. शेवटी एक नंबरची कुस्ती. हलगीचा ठेका वाढतो. निवेदक दोन्ही पैलवानांची गावं, तालमी, वस्ताद आणि आधी मारलेल्या कुस्त्या सांगतो. पैलवान आखाड्यात उतरून माती कपाळाला लावतात, एकमेकांच्या अंगावर माती टाकतात, हात मिळवतात आणि सलामी झडते.

नियम थोडे आहेत, पण कडक आहेत. ठोसे आणि लाथा नाहीत. बोटं मोडायची नाहीत, डोळ्यात बोट घालायचं नाही, गळा आवळायचा नाही. निकाल एकच, समोरच्याची पाठ मातीला लावायची.

ही भाषा नवीन असेल तर हे शब्द लक्षात ठेवा:

– शड्डू: मांडीवर किंवा दंडावर हात मारून काढलेला आवाज, म्हणजेच 'मी तयार आहे'.
– खडाखडी: सुरुवातीला उभ्यानं एकमेकांची ताकद अजमावणं.
– चितपट: पाठ पूर्णपणे मातीला लागणं.
– निकाली कुस्ती: कुणीतरी चितपट होईपर्यंत चालणारी कुस्ती.
– बरोबरीत सोडवणं: निकाल लागत नाही असं दिसल्यावर पंचांनी कुस्ती थांबवणं.
– घिस्सा, ढाक, पट, मोळी, कलाजंग, लपेट: हे डाव. एकेका पैलवानाची ओळख एकेका डावावर ठरलेली असते.
– नुरा कुस्ती: आधीच ठरवून केलेली, खोटी कुस्ती.

जिंकलेल्या पैलवानाला फेटा बांधतात, खांद्यावर घेऊन फिरवतात आणि लोक त्याच्या हातात नोटा ठेवतात. आणि हरलेला? त्याला उठवायला बऱ्याचदा जिंकणाराच हात पुढं करतो. वाईट वाटलं तरी वाद घालायचा नाही आणि पुन्हा जोड मागायची, हा शिरस्ता.

ज्यांच्या नावावर मैदानं भरली

स्वातंत्र्यानंतर १ मार्च १९४९ रोजी कोल्हापूर संस्थान मुंबई राज्यात विलीन झालं. राजाश्रय गेला, पण तालमी थांबल्या नाहीत. जत्रा कमिट्या, गावकरी आणि पुढं साखर कारखान्यांनी पैलवानांना हात दिला. त्यातून कोल्हापूरच्या कुस्तीची सगळ्यात गाजलेली पिढी आली.

श्रीपती खंचनाळे मूळचे सीमाभागातल्या एकसंब्याचे, तालीम कोल्हापूरची शाहूपुरी. १९५९ मध्ये दिल्लीत पंजाबच्या बंता सिंगला हरवून ते पहिले हिंदकेसरी झाले.

गणपतराव आंदळकर सांगली जिल्ह्यातल्या पुनवतचे, तालीम मोतीबाग. १९६० चे हिंदकेसरी. सादिक पंजाबी, गोगा पंजाबी, नसीर पंजाबी अशा पाकिस्तानी मल्लांशी झालेल्या त्यांच्या लढती आजही जुनी माणसं रंगवून सांगतात. १९६२ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत त्यांनी ग्रीको-रोमन प्रकारात सुवर्ण आणि फ्रीस्टाईलमध्ये रौप्य मिळवलं. त्याच स्पर्धेत कवठेपिरानच्या मारुती माने यांनी फ्रीस्टाईलमध्ये सुवर्ण आणि ग्रीको-रोमनमध्ये रौप्य आणलं. माने पुढं १९६४ चे हिंदकेसरी झाले.

दादू चौगुले १९७० आणि १९७१ असे सलग दोनदा महाराष्ट्र केसरी झाले आणि १९७४ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत त्यांनी रौप्यपदक जिंकलं. सत्तरच्या दशकात दिल्लीच्या सतपालचं नाव देशभर गाजत होतं. महाराष्ट्राच्या पैलवानांशी त्याच्या जोडी लागल्या की मैदानं ओसंडून वाहायची. लातूरकडून येऊन कोल्हापुरात तयार झालेल्या हरिश्चंद्र बिराजदार यांनी या सतपालला हरवलं आणि ते घराघरात पोचले. सतपाल यांनी पुढं १९८२ च्या आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक जिंकलं आणि सुशीलकुमारसारखा पैलवान घडवला. म्हणजे समोरचा किती मोठा होता, ते नंतरही कळत गेलं.

एका बाईनं दिलेलं आव्हान

या सगळ्या कौतुकात कोल्हापूरच्या मैदानाची एक दुखरी बाजूही आहे.

हमीदा बानू उत्तर भारतातली महिला पैलवान. फेब्रुवारी १९५४ मध्ये तिनं पुरुष पैलवानांना जाहीर आव्हान दिलं, जो मला कुस्तीत हरवेल त्याच्याशी मी लग्न करेन. मे महिन्यात बडोद्यात तिनं बाबा पैलवानाला अवघ्या १ मिनिट ३४ सेकंदांत पाडलं. २०२४ मध्ये गुगलनं तिच्यावर डूडल केलं, ते याच लढतीच्या आठवणीत.

पण महाराष्ट्रात तिला विरोध झाला. पुण्यात तिची एका पुरुष मल्लाशी ठरलेली कुस्ती स्थानिक कुस्ती संघटनेच्या विरोधामुळे रद्द झाली. कोल्हापुरात तिनं एका पुरुष मल्लाला हरवलं, तेव्हा लोकांनी हुर्यो केली आणि तिच्यावर दगड मारले. कुस्ती खोटी असल्याचा आरोपही झाला.

आव्हान कुणीही द्यावं आणि निकाल मातीनं द्यावा, असं तोंडानं म्हणणं सोपं होतं. निकाल एका बाईच्या बाजूनं लागल्यावर मात्र मैदानाला तो पचला नाही. मुलींसाठी पहिली महिला महाराष्ट्र केसरी स्पर्धा व्हायला मार्च २०२३ उजाडावं लागलं. सांगलीत झालेल्या त्या स्पर्धेत प्रतीक्षा बागडीनं गदा उचलली.

वस्ताद पाठीशी नसला तर काय होतं?

कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे विद्यार्थी. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकला जायला पैसे नव्हते, तेव्हा प्राचार्य खर्डेकरांनी घर गहाण ठेवून सात हजार रुपये दिले. खाशाबांनी कांस्यपदक जिंकलं. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक.

त्या स्पर्धेबद्दल नेहमी सांगितली जाणारी एक गोष्ट आहे. जपानच्या शोहाची इशीईशी दमछाक करणारी लढत झाल्यावर खाशाबांना लगेच सोव्हिएत संघाच्या रशीद मामेदबेकोवशी लढायला उभं केलं. मध्ये अर्धा तास विश्रांती मिळायला हवी होती. पण ते भांडून घ्यायला तिथं भारताचा एकही अधिकारी हजर नव्हता.

जत्रेच्या मैदानात असं झालं असतं तर वस्ताद आखाड्यात उतरला असता. पैलवान लढतो, पण त्याच्यासाठी बोलायला कुणीतरी लागतं. तालीम पद्धतीनं हेच काम वर्षानुवर्षं केलं.

जगात इतरत्र काय झालं?

दोन विद्यांच्या गुरूंनी एकमेकांना आव्हान देणं ही जगभरची गोष्ट आहे. १७ जानेवारी १९५४ रोजी मकाऊमध्ये ताई-ची शिकवणारे वू गोंगयी आणि श्वेत बगळा शैलीचे चान हाक-फू यांच्यात लढत झाली. हाँगकाँगच्या आगीतल्या बेघरांसाठी निधी गोळा करायला ती ठेवली होती. निकाल न लावताच ती थांबवली गेली, आणि कोण भारी यावर पुढं कित्येक वर्षं चर्चा होत राहिली.

२०१७ मध्ये चीनमध्येच श्यू श्याओतुंग या लढवय्यानं ताई-चीच्या एका गुरूला काही सेकंदांत खाली पाडलं. त्याचा व्हिडिओ जगभर फिरला. या गुरूच्या अंगातल्या अद्भुत शक्तीचे कार्यक्रम आधी टीव्हीवर झाले होते, पण त्यांची उघड परीक्षा कधी झाली नव्हती.

कोल्हापूरच्या तालमीत असा गुरू टिकणं अवघड होतं. इथं दर हंगामात, दर जत्रेत पठ्ठ्यांना दुसऱ्या तालमीशी लढावं लागायचं. वस्ताद चुकीचं शिकवत असेल तर सहा महिन्यांत गावाला कळायचं. कुस्तीत चमत्काराच्या गोष्टी कमी आणि हरलेल्या कुस्त्यांच्या आठवणी जास्त सांगितल्या जातात, त्याचं कारण हेच.

मग आता अडचण कुठं आहे?

पहिली अडचण नुरा कुस्तीची. मोठ्या नावांवर गर्दी जमते आणि इनामाची रक्कम मोठी असते. दोघांनी आधीच ठरवून घेतलं तर दोघांचंही नाव राहतं आणि पैसेही मिळतात. बराच वेळ खडाखडी करून बरोबरीत सोडवलेल्या कुस्त्यांवर प्रेक्षक चिडतात, ते म्हणूनच. एकदा शंका आली की मग खरी कुस्तीही लोकांना खोटी वाटायला लागते.

दुसरी अडचण माती आणि गादीची. ऑलिंपिकची कुस्ती गादीवर, तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्यांची आणि गुणांची. मातीत दम धरून संधी शोधणारा पैलवान गादीवर गुणांनी मागं पडतो. शासकीय नोकरी आणि शिष्यवृत्ती पदकावर मिळते, म्हणून आता तालमींमध्ये हौद्याशेजारी गादीही आली आहे. महाराष्ट्र केसरीतही माती आणि गादी असे दोन विभाग असतात आणि दोन्हींचे विजेते शेवटी गदेसाठी भिडतात.

तिसरी अडचण निकालाची. जानेवारी २०२३ मध्ये पुण्यात महेंद्र गायकवाड आणि सिकंदर शेख यांच्या लढतीत बाहेरच्या टांगेला चार गुण दिले गेले आणि सोशल मीडियावर आठवडाभर त्या काही सेकंदांच्या व्हिडिओचं विच्छेदन चाललं. गंगावेस तालमीत तयार झालेला सिकंदर त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये महाराष्ट्र केसरी झाला, तेव्हा त्याच्या चाहत्यांना हिशोब पूर्ण झाल्यासारखं वाटलं. २०२५ मध्ये अहिल्यानगरच्या स्पर्धेतही पाठ टेकली की नाही यावरून वाद झाला आणि प्रकरण पंचाला लाथ मारण्यापर्यंत गेलं.

खासबागेत हजारो लोक चारही बाजूंनी बघत असायचे. आज लाखो लोक बघतात, पण एकाच कॅमेऱ्याच्या कोनातून. म्हणून वाद वाढलेत.

आज कोल्हापूर कुठं आहे?

एकेकाळी महाराष्ट्र केसरीवर दबदबा असलेल्या कोल्हापूर जिल्ह्याला मधली दोन दशकं गदेनं हुलकावणी दिली. एप्रिल २०२२ मध्ये साताऱ्यात पृथ्वीराज पाटीलनं विशाल बनकरला हरवून ती परत आणली, तेव्हा कोल्हापुरात गुलाल उधळला गेला.

तालमींची ईर्षा दुसऱ्या खेळातही उतरली आहे. कोल्हापूरच्या फुटबॉलमध्ये पाटाकडील तालीम, दिलबहार तालीम, खंडोबा तालीम ही संघांची नावं आहेत. नाव तालमीचं, खेळ फुटबॉलचा आणि चुरस तीच.

खासबाग मैदान मात्र काळजीचा विषय आहे. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री मैदानाला लागून असलेलं केशवराव भोसले नाट्यगृह आगीत भस्मसात झालं आणि मैदानाच्या व्यासपीठालाही झळ बसली. शाहू महाराजांनी शेजारी शेजारी उभ्या केलेल्या या दोन वास्तू किती नाजूक आहेत, ते त्या रात्री सगळ्यांना दिसलं.

खुराकाचा खर्च वाढलाय, मोठी मैदानं कमी झालीत, तरी तालमींमध्ये पहाटे दिवे लागतात. नवं पोरगं आलं की वस्ताद त्याला आधी खोरं देतो आणि हौदा उकरायला लावतो. शड्डू ठोकायची वेळ फार नंतर येते.